स्पॅनिश शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा

अमरावती किंवा नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजारात सांबाराची जुडी मागितली, तर भाजीवाली हिरवीगार कोथिंबीर पुढे करते. तोच शब्द पुण्यातल्या इडली-डोशाच्या हॉटेलात उच्चारला, तर वाटीत डाळीचे पातळ कालवण येते. आपल्याकडे वावर म्हणजे शेत, आणि छापील मराठीत वावर म्हणजे माणसाचे येणेजाणे. हे फरक आपल्याला कोणी वर्गात बसवून शिकवलेले नाहीत. बोलणारा कुठला, आजूबाजूला कोणते शब्द आहेत आणि विषय कोणता चालला आहे, एवढ्यावरून कान अर्थ निवडतो. स्पॅनिशमधील अनेकार्थी शब्द ओळखायलाही याहून वेगळे काही लागत नाही, आणि तरीही शिकणारी मुले अडखळतात, याचे मुख्य कारण माझ्या मते असे की ती प्रत्येक स्पॅनिश शब्द आधी इंग्रजीत नेतात आणि मग तेथून मराठीत आणतात. या दुहेरी वाहतुकीत निम्मा माल सांडतो.

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी मी काही मुलामुलींना स्पॅनिश शिकवतो. त्यांच्यातील कोणाला भाषांतराचे काम घरबसल्या मिळवायचे आहे, तर कोणाला देले ही परीक्षा द्यायची आहे, जी १९९१ साली स्थापन झालेली इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही संस्था स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने घेते. पुढील मार्गदर्शन या मुलांच्या चुकांवरून तयार झाले आहे. यातील स्पॅनिश शब्द कानाला ऐकू येतात तसे आणि लॅटिन अमेरिकेच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. त्यांचे मूळ स्पेलिंग शब्दकोशात पाहून आपल्या वहीत अवश्य लिहून घ्यावे, कारण स्पॅनिशमध्ये काही अक्षरे लिहिली जातात पण बोलली जात नाहीत.

वहीचा उल्लेख आला आहे तर तिची पद्धत आधीच सांगतो. एका शब्दाला एक पूर्ण पान द्यावे. त्या पानावर शब्दासमोर अर्थ लिहू नये. त्याऐवजी तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे आणि त्याखाली संपूर्ण वाक्याचे मराठी लिहावे. तोच शब्द पुढे दुसऱ्या अर्थाने भेटला की त्याच पानावर दुसरे वाक्य येईल. महिन्याभरात काही पाने भरतात, काही रिकामी राहतात, आणि कोणत्या शब्दाकडे अधिक लक्ष द्यायचे हे पान पाहूनच कळते.

तो वेळ, ती वेळ

सुरुवात तिएम्पो या शब्दापासून करावी. इंग्रजीत जेथे 'टाइम' या एकाच शब्दावर भागते, तेथे स्पॅनिशमध्ये तिएम्पो, ओरा आणि बेस असे तीन शब्द आहेत, आणि इंग्रजीतून येणारा विद्यार्थी या तिघांची हमखास अदलाबदल करतो. मराठी माणसाने ती करण्याचे कारण नाही. 'माझा वेळ गेला' यातला वेळ पुल्लिंगी आहे आणि तो खर्च होणारा, मोजता येणारा वेळ आहे. 'जेवणाची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी आहे आणि ती घड्याळातली ठरलेली घटका आहे. 'तीन वेळा सांगितले' यातली वेळ म्हणजे खेप. पहिला तो तिएम्पो, दुसरी ती ओरा, तिसरी ती बेस. लिंगसुद्धा जुळते: तिएम्पो पुल्लिंगी आहे, ओरा आणि बेस स्त्रीलिंगी आहेत. 'नो तेंगो तिएम्पो' म्हणजे मला वेळ नाही, 'एस ओरा दे कोमेर' म्हणजे जेवणाची वेळ झाली, 'त्रेस बेसेस' म्हणजे तीन वेळा.

तिएम्पोचा आणखी एक अर्थ मात्र मराठी 'वेळ' मध्ये मावत नाही, तो म्हणजे हवामान. आणि येथे एक बारकावा आहे. 'आसे' हे क्रियापद दोन्ही अर्थांच्या आधी येते, त्यामुळे त्यावरून निर्णय होत नाही. 'आसे माल तिएम्पो' म्हणजे हवा खराब आहे, आणि 'आसे मूचो तिएम्पो' म्हणजे खूप दिवसांपूर्वी. निर्णय मधल्या विशेषणावर होतो: चांगला, वाईट असे गुण सांगणारे विशेषण असेल तर हवामान, पुष्कळ, थोडा, किती असे मोजमाप सांगणारे असेल तर काळ. ही एक कसोटी पाठ केली की दहापैकी नऊ वाक्ये सुटतात. उरलेल्या एखाद्या वाक्यात तिएम्पो म्हणजे व्याकरणातला काळ किंवा फुटबॉलच्या सामन्याचा पूर्वार्ध-उत्तरार्ध असतो, आणि ते विषयावरून कळते.

घड्याळाच्या बाबतीत तर आपण इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या पुढे आहोत. स्पॅनिशमध्ये सव्वातीनला 'तीन आणि पाव' अशा रचनेने 'त्रेस इ कुआर्तो' म्हणतात, साडेतीनला 'त्रेस इ मेदिया', आणि पावणेतीनला 'त्रेस मेनोस कुआर्तो', म्हणजे तीनला पाव कमी. आपला 'पावणे' हा शब्दही संस्कृत 'पादोन' म्हणजे पाव उणे यावरूनच आला आहे. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'कुआर्तो पारा लास त्रेस', म्हणजे तीनला पाव बाकी, असेही म्हणतात.

या कुआर्तोचेही तीन अर्थ आहेत: पाव हिस्सा, चौथा आणि खोली. आकड्याच्या सोबत किंवा किलो-लिटरसारख्या मापाच्या आधी तो आला तर पाव. त्याच्या लगेच पुढे नाम आले तर चौथा, जसे 'कुआर्तो पीसो' म्हणजे चौथा मजला. आणि तो स्वतःच नाम म्हणून 'माझा', 'तुझा' अशा शब्दांपाठोपाठ आला तर खोली.

शब्दाच्या आधी काय उभे आहे

मराठीत 'तो माळ' म्हणजे ओसाड उंचवटा आणि 'ती माळ' म्हणजे मण्यांची. 'तो मान' मिळतो आणि 'ती मान' दुखते. 'तो हार' गळ्यात पडतो, 'ती हार' निवडणुकीत होते. लिंग बदलले की अर्थ बदलतो, हे मराठी मुलाला बोलायला लागल्यापासून माहीत असते. इंग्रजीत ही सोयच नाही. स्पॅनिशमध्ये ती आहे, आणि ती शब्दाच्या आधी येणाऱ्या 'एल' किंवा 'ला' या उपपदावरून दिसते. म्हणून माझा पहिला नियम असा की नाम वाचण्यापूर्वी त्याचे उपपद वाचावे.

'एल कापिताल' म्हणजे भांडवल, 'ला कापिताल' म्हणजे राजधानी. 'एल ओर्देन' म्हणजे क्रम किंवा सुव्यवस्था, 'ला ओर्देन' म्हणजे हुकूम. 'एल कोमेता' हा आकाशातला धूमकेतू आणि 'ला कोमेता' म्हणजे संक्रांतीला मुले उडवतात तो पतंग. 'एल कूरा' हा चर्चमधला पाद्री, तर 'ला कूरा' म्हणजे इलाज. 'एल फ्रेन्ते' म्हणजे आघाडी, 'ला फ्रेन्ते' म्हणजे कपाळ. 'एल पोलिसीया' हा एक शिपाई, आणि 'ला पोलिसीया' म्हणजे संपूर्ण पोलीस दल, जरी महिला शिपायालाही हेच म्हटले जाते.

मान्याना हा शब्द उपपदाच्या खेळाचा सर्वांत चांगला नमुना आहे. उपपद नसताना तो 'उद्या' असतो, 'ला मान्याना' झाला की 'सकाळ', आणि 'एल मान्याना' झाला की 'भविष्यकाळ'. त्यामुळे 'मान्याना पोर ला मान्याना' हे ऐकायला एकाच शब्दाची पुनरुक्ती वाटले तरी त्याचा अर्थ साधा आहे: उद्या सकाळी. हिंदीतल्या 'कल' या शब्दावर आपण इतकी वर्षे कुरकूर न करता जगलो, तेव्हा मान्यानाचे एवढे भय बाळगू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाण्याला स्पॅनिशमध्ये 'एल आग्वा' म्हणतात, पण तो शब्द स्त्रीलिंगी आहे. आघात म्हणजे उच्चारात जोर असलेल्या 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दापूर्वी 'ला' म्हणताना दोन 'आ' एकमेकांवर आदळतात, म्हणून तेथे 'एल' वापरतात, एवढेच. विशेषण मात्र खरे लिंग दाखवते: थंड पाणी म्हणजे 'आग्वा फ्रीआ', 'फ्रीओ' नव्हे. शंका आली की उपपदावर थांबू नये, विशेषणाचा शेवट पाहावा.

कधी कधी लिंगभेद शब्दाच्या शेवटच्या अक्षरात असतो. 'नारान्हो' म्हणजे संत्र्याचे झाड आणि 'नारान्हा' म्हणजे संत्रे. सफरचंदाचेही तसेच, 'मान्सानो' झाड आणि 'मान्साना' फळ, शिवाय 'मान्साना' म्हणजे चारही बाजूंनी रस्ते असलेला घरांचा चौकोनी गट असाही अर्थ होतो, तो पत्ता विचारताना भेटतो. रस्त्यावरच लागणारी आणखी एक जोडी म्हणजे देरेचो आणि देरेचा. 'तोदो देरेचो' म्हणजे सरळ पुढे आणि 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. शेवटचा एक स्वर चुकला तर माणूस दुसऱ्याच गल्लीत जातो. याच देरेचोचा नाम म्हणून अर्थ हक्क असा होतो, आणि विद्यापीठाच्या संदर्भात कायद्याचे शिक्षण.

नारान्हा या शब्दाशी वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या माणसाचे नाते अधिक जवळचे आहे. संस्कृत 'नारंग' हा शब्द फारसीत गेला, तेथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचून नारान्हा झाला. आपण रंगाला नारिंगी म्हणतो तो त्याचाच भाऊ. स्पॅनिशमध्येही तो शब्द फळ आणि रंग अशा दोन्ही अर्थांनी चालतो. त्याशिवाय 'मी मेदिया नारान्हा', शब्दशः माझे अर्धे संत्रे, हे लोक आपल्या जोडीदाराला म्हणतात. हा अर्थ कोणत्याही सुट्या शब्दातून निघणार नाही, म्हणून असे जोडशब्द वहीत जोडीनेच लिहावेत.

हिरवे आहे, पण कच्चे नाही

मराठीत 'आहे' एकच आहे. स्पॅनिशमध्ये 'एस' आणि 'एस्ता' अशी दोन रूपे दोन वेगळ्या क्रियापदांतून येतात, आणि त्यांच्यामुळे पुढच्या विशेषणाचा अर्थ बदलतो. 'बेर्दे' म्हणजे हिरवा. पण 'एस्ता बेर्दे' म्हटले की फळ कच्चे आहे असा अर्थ होतो. सालीला हिरवट राहिलेले, परंतु आतून रसाने भरलेले संत्रे बागेत आपण नेहमी पाहतो. त्याचे वर्णन स्पॅनिशमध्ये एका छोट्या वाक्यात होते: 'एस बेर्दे, पेरो नो एस्ता बेर्दे'. हिरवे आहे, पण कच्चे नाही. माझ्या वर्गात या एका वाक्याने जे समजले, ते व्याकरणाच्या दोन तासिकांनी समजले नव्हते.

याच धर्तीवर बडा शेतकरी 'एस रीको' असतो, म्हणजे श्रीमंत, आणि त्याच्या घरची वांग्याची भाजी 'एस्ता रीका' असते, म्हणजे चवदार. 'एस लीस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लीस्तो' म्हणजे तयार. 'एस मालो' म्हणजे माणूस वाईट, 'एस्ता मालो' म्हणजे तो आजारी किंवा अन्न नासलेले. 'एस आबुर्रीदो' म्हणजे कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे कंटाळलेला; स्वतःबद्दल बोलताना ही चूक केली तर आपणच आपली नालस्ती करतो. 'एस बीबो' म्हणजे चलाख, 'एस्ता बीबो' म्हणजे जिवंत.

कायमचे ते 'एस' आणि तात्पुरते ते 'एस्ता' असा नियम पुष्कळ ठिकाणी शिकवला जातो, पण तो मला पटत नाही. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि मृत्यूइतके कायमचे दुसरे काय आहे? उलट सरून जाणाऱ्या तारुण्याला 'एस होबेन' म्हणतात. त्याऐवजी मराठीची कसोटी विशेषणांच्या बाबतीत बरी चालते. 'बर्फ थंड असतो' या वाक्यात आपण 'असतो' म्हणतो, कारण तो बर्फाचा स्वभाव आहे. तेथे 'एस' येते. 'चहा थंड झाला आहे' असे जेथे सहज म्हणता येते, तेथे 'एस्ता' येते. विशेषणापुढे 'झाला' किंवा 'झालेला' बसतो का, एवढे पाहावे. मेलेला, पिकलेला, नासलेला, कंटाळलेला, तयार झालेला, हे सगळे एस्ताच्या घरचे आहेत.

क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द

नामाच्या आधी पाहायचे, तसे क्रियापदाच्या नंतर पाहायचे. देहार हे क्रियापद आपल्या 'सोडणे' या क्रियापदाच्या फार जवळ आहे: मुलाला शाळेत सोडणे, दारू सोडणे, हातातून सोडून देणे, या सगळ्या छटा त्यात येतात. परंतु त्यात एक खड्डा आहे, आणि तो मराठी माणसासाठीच खोल आहे. 'देहामे आब्लार' म्हणजे मला बोलू दे. 'देहा दे आब्लार' म्हणजे बोलणे बंद कर. दुसऱ्या वाक्यातले 'दे' ऐकून आपल्या कानाला 'बोलू दे' असा भास होतो आणि अर्थ नेमका उलटा लागतो. स्पॅनिशमधले 'दे' हे 'चा-ची-चे' किंवा 'पासून' या अर्थाचे अव्यय आहे. देहारनंतर ते आले आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप आले, तर क्रिया थांबवणे हाच अर्थ घ्यावा. 'देहो दे योबेर' म्हणजे पाऊस थांबला. ते नसेल आणि क्रियापद थेट आले, तर परवानगी. पुढे वस्तू आली, तर ती ठेवणे किंवा मागे सोडणे.

कोन्तारचेही असेच. पुढे पैसे, पोती, दिवस असे काही मोजण्यासारखे आले तर मोजणे; गोष्ट, बातमी, गुपित आले तर सांगणे; आणि पुढे 'कोन' हे अव्यय व माणूस आला तर त्याच्यावर भिस्त ठेवणे. त्याच कुळातला 'कुएंता' हा शब्द हॉटेलात बिल असतो, बँकेत खाते असते आणि माळेत मणी असतो. साबेर म्हणजे माहीत असणे, पण विषय जेवणाचा असेल आणि मागोमाग 'आ' आले, तर चव लागणे: 'साबे आ लिमोन' म्हणजे लिंबाची चव लागते.

तोकार म्हणजे स्पर्श करणे आणि वाद्य वाजवणे. खेळण्याला वेगळे क्रियापद आहे, हुगार. इंग्रजीत खेळ आणि वाद्य या दोन्हींना एकच क्रियापद पुरते, म्हणून इंग्रजीतून शिकणारे गिटार 'खेळतात'. आपल्याकडे वाजवणे वेगळे आणि खेळणे वेगळे, तेव्हा ही चूक आपल्या मुलांनी केली की समजावे, मधे इंग्रजी आले. 'मे तोका' या रूपात मात्र अर्थ होतो 'आता माझी पाळी', आणि त्यातला 'मे' हा आपल्या वऱ्हाडी 'मले' या रूपासारखाच वागतो. 'मे गुस्ता' म्हणजे 'मले आवडते' असे सांगितले की वर्गातल्या कोणालाही कर्ता-कर्माची फोड करून दाखवावी लागत नाही.

तिरकी रेघ आणि नागमोडी रेघ

माझ्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर लिहिले होते: 'मी पापा त्राबाहा एन एल काम्पो'. त्याला म्हणायचे होते की माझे बाबा शेतात काम करतात. परंतु शेवटच्या स्वरावरची तिरकी रेघ राहिल्यामुळे वाक्य झाले, माझा आलू शेतात काम करतो. रेघ असलेला, शेवटी आघात असलेला पापा म्हणजे बाबा. रेघ नसलेला, पहिल्या स्वरावर आघात असलेला पापा म्हणजे लॅटिन अमेरिकेत आलू, आणि पुल्लिंगी उपपदासह आला तर पोप. अशाच रेघेने 'सी' म्हणजे 'होय' आणि 'जर', 'एल' म्हणजे 'तो' आणि उपपद, 'तू' म्हणजे आपलाच 'तू' आणि 'तुझा', हे वेगळे होतात. 'कोमो' वर रेघ असेल तर 'कसा', नसेल तर 'सारखा' किंवा 'मी खातो'.

'आन्यो' म्हणजे वर्ष. यातल्या 'न्य' साठी स्पॅनिशमध्ये रोमन एन अक्षरावर नागमोडी रेघ देतात, आणि आपले वय सांगताना ती राहिली तर शरीराच्या ज्या भागाचा उल्लेख होतो तो चारचौघांत करण्यासारखा नाही. मोबाइलमध्ये स्पॅनिश कीबोर्ड आजच जोडून घ्यावा.

काही रूपे लिहायलाही सारखीच असतात. 'बीनो' म्हणजे वाइन आणि 'तो आला'. 'त्राहे' म्हणजे कपड्यांचा सूट आणि 'मी आणले'. 'नादा' म्हणजे काहीच नाही आणि 'तो पोहतो'. येथे पुन्हा उपपदाचाच आधार आहे: आधी उपपद असेल तर नाम, कर्ता असेल तर क्रियापद.

देश कोणता

स्पॅनिश ही वीस स्वतंत्र देशांची अधिकृत भाषा आहे, आणि सांबाराची जी गत विदर्भ ओलांडल्यावर होते, तीच स्पॅनिश शब्दांची अटलांटिक महासागर ओलांडल्यावर होते. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे आलू घातलेले अंड्याचे जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी. क्युबा, पोर्तो रिको आणि कॅनरी बेटांवर ग्वाग्वा म्हणजे बस, चिली, पेरू आणि बोलिव्हियात तान्हे बाळ. स्पेनमध्ये कार्रो म्हणजे आपली बंडी, अर्थात बैलगाडी, मेक्सिको-कोलंबियात मोटार. आणि स्पेन-मेक्सिकोत मोटारीला चालणारा 'कोचे' हा शब्द ग्वाटेमालात डुकराला लावतात. आपणही बंडी, मोटारसायकल आणि रेल्वे या तिन्हींना गाडीच म्हणतो, तेव्हा दोष देण्याचे कारण नाही. 'बटाटा' हा पुण्याकडचा शब्द पोर्तुगीजांनी आणला. तोच 'बाताता' स्पेन आणि अर्जेंटिनात रताळ्याला म्हणतात. येथे आपला 'आलू' गोंधळापासून मुक्त आहे.

एका शब्दाची मात्र गंभीर सूचना द्यावी लागेल. कोहेर हे क्रियापद स्पेनमध्ये घेणे, पकडणे, बस पकडणे अशा रोजच्या कामाला वापरतात. मेक्सिको, अर्जेंटिना आणि इतर अनेक देशांत त्याचा अर्थ अश्लील होतो. स्पेनची पुस्तके वापरून शिकलेल्या मुलांनी लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशी बोलताना त्याऐवजी 'तोमार' किंवा 'आगार्रार' वापरावे. आणि मेक्सिकोतील कोणी 'आओरीता' म्हणजे 'आत्ताच' करतो असे म्हणाला, तर ते आपल्याकडच्या 'आत्ता आलोच' इतपतच धरावे.

म्हणून वहीतल्या प्रत्येक वाक्याखाली ते कोणत्या देशाच्या माणसाकडून किंवा मजकुरातून आले, हे एका शब्दात नोंदवावे.

शब्दकोश कसा वाचावा

१७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्याची तेविसावी आवृत्ती २०१४ साली निघाली. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांसाठी स्पॅनिश अकादमींच्या संघटनेने २०१० साली वेगळा कोश काढला, तोही विनामूल्य पाहता येतो. या कोशांत स्पॅनिशमध्येच अर्थ दिलेले असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने ते जड जातात, पण इंग्रजी मधे येत नाही हा त्यांचा मोठा गुण आहे.

नोंद उघडल्यावर अर्थ क्रमांकाने दिलेले दिसतात. बांको हा शब्द पाहिला, तर बसण्याचे बाक पहिल्या क्रमांकावर आहे आणि पैशांची बँक बरीच खाली. म्हणजे पहिला क्रमांक आपल्याच वाक्याला लागू पडेल अशी खात्री नाही. सर्व क्रमांक नजरेखालून घालावेत. क्रमांकाशेजारी पुल्लिंग-स्त्रीलिंगाची खूण असते, आणि अर्थ एखाद्या प्रदेशापुरता असेल तर त्या देशाचे संक्षिप्त नाव असते. आपल्या वाक्याचे लिंग आणि देश जुळत नसेल तो अर्थ तेथेच खोडावा. नोंदीच्या शेवटी जोडशब्द दिलेले असतात, आणि 'मेदिया नारान्हा'सारखे अर्थ तेथे सापडतात. मोबाइलचे भाषांतर-ॲप वापरायचेच असेल, तर त्याला एक शब्द न देता पूर्ण वाक्य द्यावे.

इंग्रजीसारखे दिसणारे पण वेगळे असलेले शब्द हा विषय मोठा आहे, पण त्याला वेगळी युक्ती नाही, पाठच करावे लागतात. 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर, ओशाळलेली नव्हे. 'एक्सितो' म्हणजे यश, बाहेर पडण्याचे दार नव्हे. 'कार्पेता' म्हणजे कागद ठेवण्याची फाइल. 'आसिस्तीर' म्हणजे हजर राहणे.

आता वरचे सगळे एका उताऱ्यावर लावून पाहू. 'मान्याना पोर ला मान्याना एस्पेरो आ मी पापा एन एल बांको.' पहिल्या मान्यानाला उपपद नाही, म्हणून उद्या. दुसऱ्याला 'ला' आहे, म्हणून सकाळी. एस्पेरार म्हणजे वाट पाहणे आणि आशा करणे, पण येथे पुढे 'आ' आणि माणूस आहे, म्हणून वाट पाहणे. 'के' येऊन दुसरे वाक्य जोडले असते तर आशा. पापाच्या शेवटच्या स्वरावर रेघ आहे हे लिखाणात पाहून घ्यावे, म्हणजे बाबा. उरला बांको. त्याला 'एल' आहे, परंतु बाक आणि बँक दोन्ही पुल्लिंगीच, आणि वाट दोन्ही ठिकाणी पाहता येते. या वाक्यातून निर्णय होत नाही, म्हणून तो येथे करू नये. पुढचे वाक्य वाचावे. 'सिएर्रा आ लास दोस.' तो दोन वाजता बंद होतो, आणि बाक काही बंद होत नाही.